पाकिटावरचा ‘रि’

फोटो खोटं बोलतो, ही गोष्ट आमच्या भागाला मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. बार्शीला आमच्या चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा, फोटो स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा. त्यावर एका अंगाला ताजमहाल, दुसऱ्या अंगाला संगमरवरी जिना आणि कुंडीतलं कसलं तरी झाड, जे कुणीच कुठं उगवलेलं बघितलं नव्हतं. कुर्डुवाडीच्या पलीकडं कधी न गेलेलं जोडपं फोटोत आग्र्याला उभं असायचं. कोट स्टुडिओचा, टाय स्टुडिओचा, मनगटावरचं घड्याळही स्टुडिओचं आणि तेही बंद पडलेलं. वहाणा तेवढ्या ज्याच्या त्याच्या, म्हणून अण्णा फोटो गुडघ्यापर्यंतच घ्यायचे. पण ह्या खोटेपणानं कुणी फसलं, असं मला आठवत नाही. बघणाऱ्या प्रत्येकाला तो पडदा माहीत होता, कारण त्याच पडद्यापुढं त्याचाही फोटो निघालेला असायचा.

आठवी-नववीच्या सुट्ट्यांत मी अण्णांच्या हाताखाली असायचो. अंधारखोलीत ट्रे हलवायचा, प्रिंट वाळत घालायच्या, आणि वेळ मिळाला की रिटचिंगच्या टेबलापाशी जाऊन बसायचं. टेबल म्हणजे खिडकीजवळ ठेवलेली तिरकी चौकट, मधे दुधी काच आणि खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवली की आरशातला उजेड खालून यायचा. शिसपेन्सिल आधी ब्लेडनं तासून, मग पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी करायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तोंडावरचा काळा डाग तिथं पारदर्शक दिसतो. त्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की छापताना तेवढ्यातून उजेड कमी जातो आणि कागदावर डाग नाहीसा होतो. काही काळं करायचं असेल तर ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडायचं. एका तोंडाला अर्धा तास जायचा. गिऱ्हाईक पैसेवालं असेल तर तास.

देवीचे व्रण असलेली माणसं तेव्हा घरोघर होती. भिंतीवर लावायच्या फोटोतले व्रण अण्णा बिनदिक्कत बुजवायचे. मेलेल्या माणसाचा एकच फोटो असेल आणि त्यात डोळे मिटलेले असतील तर ब्रशनं डोळे उघडून द्यायचे. एका म्हातारीला त्यांनी नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसवलं होतं; नवरा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. पण स्थळाकडं पाठवायचा फोटो असला की अण्णांचा हात आखडायचा. मुलीचा बाप हळूच म्हणायचा, “अण्णा, तेवढे व्रण…” अण्णा म्हणायचे, “बुजवतो की. पण तुमी पोराकडच्यास्नी आधी सांगणार हाय का, ते बोला.” काही बाप हो म्हणायचे. काही उठून चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत जायचे. आणि पोलिसांनी पंचनाम्याला बोलावलं की पेन्सिल दुकानातच राहायची. तिथं प्रिंटबरोबर निगेटिव्हही द्यावी लागायची, कोर्टात तीच मागत.

निगेटिव्ह ज्या पाकिटात ठेवायच्या त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं एक अक्षर असायचं: ‘रि’. म्हणजे रिटच. अण्णा काही साधू नव्हते. रिटचचे पैसे वेगळे लागायचे म्हणून ते लिहायचे. पण त्यामुळं दहा वर्षांनी कुणी प्रत मागायला आलं तरी ह्या तोंडावर हात फिरलेला आहे, हे पाकीट सांगायचं.

आता तोच ‘रि’ संगणक मागायला लागलाय, आणि आमच्या घरात त्यावरून दोन महिने वाद चालला.

थोरल्या भावाचा मुलगा शेती बघतो आणि फोटो काढतो. फोटो तो इंटरनेटवरच्या स्टॉक साइटींना देतो. हा धंदा त्यानं मला समजावला तो असा: “तात्या, अडत्याकडं माल टाकतो तसंच. माल आपला, गिऱ्हाईक अनोळखी, मधे अडत.” फरक एवढाच की ज्वारीचं पोतं एकदा विकलं की गेलं, फोटो तोच शंभर जणांना विकता येतो. कुणाला जाहिरातीला लागतो, कुणाला पाठ्यपुस्तकाला, कुणाला कॅलेंडरला. एका वेळचे पैसे थोडेच मिळतात, पण फोटो पडून सडत नाही.

अडतीचा दाखला मला पटला आणि तिथंच अडकलोही. पोत्याच्या तोंडाला चांगला दाणा आणि बुडात हलका, ही चलाखी बाजारात जुनी आहे. म्हणून तर व्यापारी टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे तळहातावर घेतो. फोटोत अशी नळी खुपसता येत नाही. तिकडं लांब बसलेल्या माणसाला तोंडाचाच दाणा दिसतो.

ह्या साइटींचे नियमही सारखे नाहीत. गेटी इमेजेसनं सप्टेंबर २०२२ मध्येच एआयनं बनवलेली चित्रं घेणं बंद केलं. शटरस्टॉक बाहेरच्या फोटोग्राफरांकडून अशी चित्रं घेत नाही. अ‍ॅडोबी स्टॉकनं त्याच वर्षीच्या डिसेंबरात दार उघडलं, पण देणाऱ्यानं ‘हे जनरेटिव्ह एआयनं केलेलं आहे’ अशी चौकोनात खूण करायची, ही अट घातली. उजेड थोडा वाढवला, धुळीचा ठिपका काढला, तिरका फोटो सरळ केला, तर त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. म्हणजे दोन्ही टोकं स्पष्ट आहेत. एकीकडं सबंध बनवलेलं चित्र, दुसरीकडं नुसता पुसून घेतलेला फोटो. भांडण आहे ते मधल्या पट्ट्याचं, बांधाचं असतं तसं. फोटो खरा काढला आणि मग एआयकडून ‘सुधारून’ घेतला, तर तो कुठल्या वावरात धरायचा?

आमची आत्या, अण्णांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलीय. पुतण्यानं तिचा चुलीपुढं भाकरी थापतानाचा फोटो काढला. खोलीत उजेड कमी, फोन जुना. फोटो जरासा हलला होता आणि आकारानंही लहान होता. साइटीला मोठा आणि धारदार लागतो. त्यानं तो एका अ‍ॅपमध्ये घातला, बटण दाबलं. निघाला तो फोटो बघून मी आधी वा म्हणालो. सुरकुत्या मोजून घ्याव्यात अशा. लुगड्याचं सूत न् सूत वेगळं. परातीच्या काठाला चिकटलेलं पीठसुद्धा दिसत होतं. मग माझी नजर तिच्या हातावर गेली.

आत्याच्या उजव्या हातावर कोपराखाली गोंदण आहे. वर तुळशीवृंदावन, खाली थोरल्या भावाचं, म्हणजे अण्णांचं नाव. बार्शीच्या भगवंताच्या जत्रेत लहानपणी गोंदवलेलं. रंग विटून हिरवट झालाय, निम्मं सुरकुत्यांत गेलंय. मूळ फोटोत ते एक धूसर डाग म्हणून आलं होतं. सुधारलेल्या फोटोत त्या जागी सुबक गुलाबासारखं फूल होतं, आणि खाली चार अक्षरं. लांबून बघितलं तर मराठी वाटावीत अशी. जवळून बघितलं तर जगातल्या कुठल्याच लिपीतली नाहीत.

हे कसं झालं, ते पुतण्यानंच सांगितलं. धूसर जागेत काय होतं ते यंत्राला कळायला मार्ग नसतो. ढीगभर फोटो बघून त्यानं एक अंदाज बांधलेला असतो, की अशा जागी बहुधा असं काहीतरी असतं. तो अंदाज ते भरतं, आणि इतका ठसठशीत भरतं की बघणाऱ्याच्या मनात शंकाच येत नाही. अण्णांच्या आणि ह्या यंत्राच्या कामात मला मोठा फरक दिसला तो इथं. अण्णांनी कुठला व्रण बुजवला, कुठला ठेवला, हे अण्णांना माहीत असायचं. विचारलं तर सांगता यायचं. इथं बटण दाबणाऱ्यालाच ठाऊक नसतं की काय बदललं. मला गोंदण दिसलं कारण ते मी जन्मापासून बघतोय. सुरकुत्यांचं काय? त्या आत्याच्याच आहेत, की ‘म्हाताऱ्या बायकांना बहुधा अशा असतात’ म्हणून भरलेल्या? कुणी तपासायचं?

पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मी उडवून लावणार नाही. “तात्या, बाई खरी, चूल खरी, भाकरी खरी. एका गोंदणासाठी अख्खा फोटो एआयचा म्हणायचा? खूण केली की तो कुठं जाऊन बसतो म्हाईत हाय का? ज्यांनी घरात बसून, चार ओळी लिहून, चूल न बघता चूल बनवली, त्यांच्या रांगंत. मी पाच वाजता उठून काढलाय फोटो.” हे खरंच आहे. एकच चौकोन आणि त्यात सगळे. बिनतिकीट प्रवासी आणि दरोडेखोर एकाच कोठडीत. फोटोच्या फायलीत कुठली माहिती कशी भरायची, हे ठरवणारी आयपीटीसी नावाची संस्था आहे. तिनं सबंध एआयनं बनवलेलं आणि एआय मिसळलेलं, अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्यात. अशी बारीक नोंद सगळीकडं झाली तर पुतण्याची निम्मी तक्रार मिटेल. पण गिऱ्हाइकापुढं अजून बहुतेक एकच शिक्का येतो, आणि गिऱ्हाईक तो बघून पुढं जातं.

त्याचा दुसरा मुद्दा फोनचा. आजकाल फोन स्वतःच काय काय करतो. रात्रीचा एक फोटो म्हणून जो दिसतो, तो आत एकापाठोपाठ काढलेल्या अनेक फोटोंची गोधडी असतो. २०२३ साली एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून वाद झाला होता. कुणीतरी चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून पडद्यावर लावलं आणि त्या फोननं त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेला बारकावा फोटोत उमटला होता. “मग सगळ्याच फोटोंवर शिक्का मारा की,” पुतण्या म्हणाला. मला वाटतं, कुठलाच बांध बिनचूक नसतो. मोजणीदार आला तरी वीतभर इकडं-तिकडं होतं. म्हणून कुणी बांधच नको म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला गोंदणापेक्षाही जास्त लागली. पुतण्यानं त्याच सुमारास विकायला ठेवलेला दुसरा एक फोटो दाखवला: पहाटेचं धुकं, आमच्या वरच्या रानातली तूर, बांधावर बैलजोडी. सुरेख. पण रान ओळखू येईना. बघता बघता ध्यानात आलं, त्यातल्या ठिबकच्या काळ्या नळ्या गायब होत्या. विजेचा खांब गायब. बांधावर पडलेली औषधाची बाटली गायब. “त्या नळ्यांनी गावासारखं दिसत न्हाई, तात्या. गिऱ्हाइकाला तसं चालत न्हाई.” त्या नळ्यांचं कर्ज अजून फिटायचंय. त्या नळ्या आहेत म्हणून ती तूर आहे. त्या काढल्या की राहतं ते आमचं रान नव्हे. शहरातल्या माणसाच्या मनातलं रान असतं, ज्यात कुणाला बँकेची नोटीस येत नाही. भर घालणं तेवढं खोटं आणि काढून टाकणं म्हणजे नुसती साफसफाई, असं आपण धरतो. मला हे पटत नाही. टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या फोटोतून टँकर पुसला तर उरतात पाणवठ्यावर जमलेल्या हसऱ्या बायका.

हे एआयच्या आधीही होत होतं. निळ्या-हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो काढणारे स्टीव्ह मॅकरी २०१६ साली अडचणीत आले ते ह्याच कारणानं. त्यांच्या काही फोटोंतून माणसं आणि वस्तू काढून टाकलेल्या आढळल्या. आपण बातमीदार नव्हे, चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत, अशी त्यांची भूमिका होती. असेनात का. पण गोष्ट आहे हे ऐकणाऱ्याला आधी कळायला हवं. कीर्तनात आख्यान लागलं की लोकांना कळतं, आता बुवा रंगवून सांगणार. पंचनाम्यात तसं रंगवून सांगितलं तर बुवाला आत टाकतील.

पुतण्याला दोन्ही जागा ठाऊक आहेत, हे मजेशीर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून, फोनवरून पिकाचा फोटो घालायचा. सातबाऱ्यावर पीक लागतं ते त्यावरून. तिथं तो एक पानही हिरवं करत नाही. पीक पिवळं पडलं असेल तर पिवळंच दाखवतो, उलट ते नीट दिसावं म्हणून जवळ जातो. एकाच फोनच्या गॅलरीत दोन फोटो शेजारी शेजारी: एक तलाठ्यासाठी, नळ्यांसकट, दुसरा जगासाठी, नळ्यांवाचून. मी ते दोन्ही त्याला समोरासमोर धरून दाखवले. तो हसला. म्हणाला, “तिकडं सरकारचा धाक हाय.” मग जरा वेळानं म्हणाला, “पण तिकडं त्यांना आपलं रानच पाहिजे असतंय. इकडं कुणालाच आपलं रान नको असतंय.” ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शिक्का मारूनही सगळं भागतं असं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात गाझाच्या युद्धाची एआयनं बनवलेली चित्रं अ‍ॅडोबी स्टॉकवर विकायला असल्याचं उघड झालं. साइटवर त्यांना एआयचा शिक्का होता. पण काही संकेतस्थळांनी ती घेतली आणि शिक्का न लावताच छापली. म्हणजे अडत्याकडं पोत्यावर चिठ्ठी होती, पुढं दुकानदारानं ती फाडून टाकली. ही बातमी पुतण्यानंच मला दाखवली, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून. “बघा. मी प्रामाणिक राहून उपयोग काय?” मी म्हणालो, पहिल्यानंच चिठ्ठी लावली नसती तर ती फाडली गेली हे कुणाला कळलं असतं का? माल कुठं बिघडला हे मागं जाऊन शोधता येतं, ते चिठ्ठी कुठंतरी होती म्हणूनच.

आणि हा माल नुसता छापून संपत नाही. अ‍ॅडोबीचं फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं यंत्र अ‍ॅडोबी स्टॉकवरच्या चित्रांवर शिकलेलं आहे. म्हणजे स्टॉकचा ढीग हा उद्याचं बियाणंही असू शकतो. खायच्या धान्यात थोडे खडे आले तर एका जेवणाचा बेरंग होतो. बियाण्यात भेसळ गेली तर पुढच्या सालचं सबंध रान बिघडतं. आत्याच्या हातावरचं ते गुलाबाचं फूल शिक्क्यावाचून ढिगात गेलं, तर उद्या कुणी ‘मराठी बाईचं गोंदण’ मागितल्यावर यंत्र ते काढून देईल. गोंदण काढणाऱ्या बायका आमच्याकडं जत्रेतसुद्धा आता दिसत नाहीत. चूक दाखवायला मागं कोण उरणार?

शेवटी एक दिवस फोन आत्यापुढं धरला. तिचा हक्क पहिला. फोटो विकायच्या संमतीपत्रावर अंगठा तिचा होता, आणि तो तिनं हललेल्या फोटोसाठी दिला होता, ह्या नव्या बाईसाठी नव्हे. तिनं चष्मा लावला. “ही मी व्हय? बरी दिसतीय की,” म्हणाली. खूश झाली. माझी थोडी निराशाच झाली, खोटं कशाला सांगू. ती चिडेल असं मला वाटलं होतं. मग तिनं फोन जवळ घेतला, हाताशी धरला, आपल्या हाताकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं.

“ह्ये काय लिवलंय?”

पुतण्या म्हणाला, “आजी, ते मशीननं आपोआप केलंय.”

“मला वाचाया येत न्हाई,” आत्या म्हणाली, “पन ह्ये दादाचं नाव न्हवं.”

दोघंही गप्प बसलो. तिनंच तोडगा काढला. “तोंड ऱ्हाऊ दे नव्यातलं. हात जुन्यातला लाव.”

पुतण्यानं तसं केलं. त्याला अर्धा तास लागला, अण्णांना एका तोंडाला लागायचा तेवढाच. धूसर हात आणि धारदार तोंड शेजारी नीट बसेनात, तरी बसवले. मी सहज म्हणालो, आता हात खरा आहे, मग चौकोनात खूण करायचं राहिलंच ना? तो म्हणाला, “तोंडाचं मला तरी कुठं म्हाईत हाय, तात्या?” आणि खूण करून पुढं सरकला. एका साइटनं फोटो परत पाठवला, एआयचा माल घेत नाही म्हणून. मूळचा हललेला फोटो तिथंच देऊन बघितला, तर तो धूसर म्हणून परत आला. दुसरीकडं तो शिक्क्यासकट लागलाय. अजून एकदाही विकला गेलेला नाही. तुरीच्या फोटोचं त्यानं काय केलं, मी विचारलेलं नाही. वरच्या रानात परवा तो नळ्यांचे फोटो काढत होता, एवढं दिसलं.

आत्याला मात्र भिंतीसाठी प्रत पाहिजे होती. रविवारी बार्शीहून छापून आणली, बारा बाय अठरा, काचेसकट. खिळा ठोकायला मी खुर्चीवर चढलो, तर खालून म्हणाली, चुलीपासून लांब लाव, धुरानं काळी होईल.